राजीनाम्यावर सही करण्याआधी



गेल्या महिन्यात चर्चच्या आवारात एका भावाने मला थांबवून विचारले, "बाई, कंपनीने काढलं तर सरकार पैसे देतं म्हणतात. खरं का?" मी म्हटले, खरे आहे, पण तुमच्या कागदावर काय लिहिले आहे त्यावर ते अवलंबून आहे. त्याने खिशातून घडी केलेला कागद काढला. त्यावर एकच वाक्य होते: वैयक्तिक कारणास्तव मी नोकरी सोडत आहे. खाली त्याची सही होती. "असलं पत्र सगळ्यांकडूनच घेतात," तो म्हणाला.

घेतात, हे मला ठाऊक आहे. वसई पूर्वेच्या एका कारखान्यात मी अकरा वर्षे हिशेब खात्यात होते. पुढच्या महिन्याच्या १५ तारखेच्या आत ईएसआयचा भरणा करणे हे माझे काम. ज्याचे महिन्यातले कामाचे दिवस शून्य, त्याच्या नावापुढे संगणकावर कारण निवडावे लागते. त्या यादीत 'नोकरी सोडली' असे एक कारण आहे आणि 'कामगार कपात' असे दुसरे. मालक सांगत, "पहिलंच टाका, उगाच चौकशी नको." मी टाकत असे. त्या एका निवडीने कोणाच्या घरात किती पैसे यायचे राहिले, याचा हिशेब मी त्या काळात कधी केला नाही. तो केला २०२२ साली, जेव्हा माझ्या धाकट्या भावावर ती पाळी आली.

वालीव-सातिवलीपासून तारापूरपर्यंत आपल्या धर्मग्रामांतली शेकडो माणसे कारखान्यांत आहेत. नोकरी गेली की आपण नातेवाइकांकडे शब्द टाकतो, नोव्हेना धरतो, नवी जागा शोधतो. ते करावेच. पण दरमहा आपल्या पगारातून पैसे कापून एक विमा काढलेला असतो आणि त्यात बेकारीसाठी तरतूद आहे, हे बहुतेकांच्या गावीही नसते. ईएसआय म्हणजे दवाखाना, एवढेच आपल्याला माहीत.

कर्मचारी राज्य विमा कायदा १९४८ चा. दहा किंवा अधिक माणसे असलेल्या कारखान्यांना तो लागू झाला. पगाराची मर्यादा १ जानेवारी २०१७ रोजी १५ हजारांवरून २१ हजारांवर गेली आणि जुलै २०१९ पासून कामगाराचा वाटा पाऊण टक्का, मालकाचा सव्वातीन टक्के ठरला. २१ नोव्हेंबर २०२५ पासून चार नव्या कामगार संहिता लागू झाल्या. हा कायदा आणि १९४७ चा औद्योगिक विवाद कायदा हे दोन्ही त्यांत सामावले गेले. त्यामुळे खिडकीवर जाल तेव्हा पहिला प्रश्न हाच विचारा, की आज कोणता नियम, कोणता अर्ज. विचारायला लाजू नका.

या विम्यात बेकारीसाठी दोन वेगवेगळ्या योजना आहेत. लोक त्यांची गल्लत करतात, आणि ती गल्लत महागात पडते.

धाकटी योजना अलीकडची आहे, अटल बीमित व्यक्ती कल्याण योजना. ती जुलै २०१८ मध्ये प्रायोगिक म्हणून आली आणि तेव्हापासून मुदतवाढ घेत चालत आली आहे. म्हणून अर्ज करताना मुदत चालू आहे ना, हे पाहून घ्यावे. आधी तिच्यात सरासरी कमाईच्या पाव हिस्सा मिळे. टाळेबंदीच्या काळात, २४ मार्च २०२० पासून, तो अर्धा झाला. जास्तीत जास्त ९० दिवस, आणि आयुष्यात एकदाच. नोकरी जाऊन ३० दिवस झाले की रक्कम देय होते. अर्ज मालकाकडून यावा लागत नाही, आपण थेट शाखा कार्यालयात करायचा. मात्र नोकरी गेल्यापासून एक वर्षाच्या आत.

यासाठी बेकार होण्यापूर्वी किमान दोन वर्षे विमाधारक नोकरी हवी. महामंडळ वर्षाचे दोन भाग पाडते: एप्रिल ते सप्टेंबर आणि ऑक्टोबर ते मार्च. नोकरी जाण्याच्या लगेच आधीच्या भागात निदान ७८ दिवसांची वर्गणी भरलेली हवी आणि त्या दोन वर्षांतल्या उरलेल्या तीन भागांपैकी कोणत्याही एकात पुन्हा ७८ दिवस. गैरवर्तनाबद्दल काढले असेल, निवृत्तीचे वय झाले असेल किंवा स्वेच्छानिवृत्ती घेतली असेल, तर ही योजना लागू होत नाही.

रक्कम कशी काढतात ते समजून घ्या, म्हणजे खिडकीवर कोणी काही सांगितले तरी गोंधळ होणार नाही. चारही भागांतली एकूण कमाई घ्यायची, तिला ७३० ने भागायचे आणि त्याचे अर्धे करायचे. महिना १५ हजार असलेल्याची दोन वर्षांची कमाई ३ लाख ६० हजार. भागाकार आला ४९३ रुपये रोज. त्याचे अर्धे साधारण २४६. नव्वद दिवसांचे झाले सुमारे २२ हजार २००. भागाकार मात्र नेहमी ७३० नेच होतो, मधले चार महिने काम नसले तरी. म्हणून खाडे आणि मधली बेकारी असलेल्यांच्या हाती अपेक्षेपेक्षा कमी येते. त्यात कोणी फसवलेले नसते.

थोरली योजना जुनी आहे, १ एप्रिल २००५ पासूनची: राजीव गांधी श्रमिक कल्याण योजना. कारखाना बंद पडला, कामगार कपात झाली किंवा नोकरीबाहेरच्या दुखापतीमुळे किमान ४० टक्के कायमचे अपंगत्व आले, तर ती लागू होते. सुरुवातीला पाच वर्षांची वर्गणी लागे आणि भत्ता सहा महिनेच मिळे. पुढे वर्गणीची अट दोन वर्षांपर्यंत उतरली आणि भत्त्याची मुदत २४ महिन्यांपर्यंत वाढली: पहिले १२ महिने पगाराच्या निम्मे, पुढचे १२ महिने पाव. भत्ता चालू असेपर्यंत स्वतःला आणि कुटुंबाला ईएसआयचा औषधोपचारही मिळतो. मधुमेहाची आई किंवा डायलिसिसवरचे वडील ज्या घरात आहेत, त्यांना या शेवटच्या वाक्याची किंमत सांगायला नको.

आता तोच १५ हजारवाला माणूस घ्या. दोन वर्षे काम मिळालेच नाही, तर थोरल्या योजनेत पहिल्या वर्षी सुमारे ९० हजार, दुसऱ्या वर्षी ४५ हजार. एकीकडे २२ हजार, दुसरीकडे १ लाख ३५ हजारांपर्यंत. आणि थोरल्या योजनेतून बाद होण्याची जी कारणे आहेत, त्यांत स्वतःहून नोकरी सोडणे हे एक आहे.

माझ्या भावाने नेमके तेच केले होते, म्हणजे तसे लिहून दिले होते. एका शनिवारी दुपारी सहा जणांना ऑफिसात बोलावले. टाइप केलेली पत्रे समोर ठेवली. "सही करा, सोमवारी फुल अँड फायनल घ्या. नाही केली तर हिशेब अडकेल." नऊ वर्षे काम केलेल्या माणसाला हे वाक्य ऐकवले की त्याच्या डोळ्यांपुढे मुलाची फी येते. सहाही जणांनी सही केली. भावाला ४० हजार मिळाले आणि तो खूश होऊन घरी आला. मी विचारले, "यात कपातीची भरपाई धरली आहे का?" तो म्हणाला, "ताई, ती काय असते?"

ती अशी असते. एक वर्ष सलग काम केलेल्या कामगाराला कमी करायचे, तर एक महिन्याची नोटीस किंवा तिचा पगार द्यावा लागतो आणि नोकरीच्या प्रत्येक पूर्ण वर्षामागे १५ दिवसांची सरासरी मजुरी. १९४७ च्या कायद्यात हे होते, नव्या औद्योगिक संबंध संहितेतही आहे. भावाच्या नऊ वर्षांचे साधारण साडेसदुसष्ट हजार होत होते, शिवाय नोटिशीचे १५ हजार. पाच वर्षे झाली असल्याने ग्रॅच्युइटी वेगळी. नव्या संहितेत आणखी एक भर आहे. कमी केलेल्या कामगारासाठी मालकाने शेवटच्या मजुरीचे १५ दिवस कौशल्य निधीत भरायचे आणि ते कपातीपासून ४५ दिवसांत कामगाराच्या खात्यात जमा व्हायचे. यातली कपातीची भरपाई, नोटिशीचा पगार आणि या निधीचे पैसे हे सारे राजीनामा देणाऱ्याला मिळत नाही. ग्रॅच्युइटी मात्र पाच वर्षे पूर्ण झाली असतील तर राजीनाम्यानंतरही मिळते. ती कोणाला सोडू नका.

भावाचा पहिला अर्ज धाकट्या योजनेचा होता, आणि तो अडला एका अपॉस्ट्रॉफीवर. हसू नका. आपली आडनावे पोर्तुगीज. आधारवर 'डि' आणि 'सोजा' यांच्यामध्ये टिंब, बँकेत जागा सोडलेली, ईएसआयच्या नोंदीत सगळे जोडून. शिवाय बाप्तिस्म्याचे नाव एका ठिकाणी पूर्ण आणि दुसऱ्या ठिकाणी नुसते अक्षर. संगणकाला ही तीन वेगळी माणसे वाटतात. त्याची नोंद दुरुस्त व्हायला दोन महिने गेले. तेव्हा नोकरी चालू असतानाच, आज घरी गेल्यावर, तिन्ही ठिकाणची नावे आणि जन्मतारीख इंग्रजीत अक्षर न् अक्षर ताडून पाहा. ईएसआयची नोंद मालकामार्फत सहज दुरुस्त होते. नोकरी गेल्यावर त्याच मालकाच्या दारात जावे लागते. त्याचबरोबर आपला दहा आकडी विमा क्रमांक वहीत लिहून ठेवा आणि महामंडळाच्या संकेतस्थळावर आपल्या नावाने वर्गणी जमा होते का, ते वर्षातून दोनदा पाहा.

पगारातून पैसे कापले पण भरलेच नाहीत, असे आढळले तर? घाबरून हक्क सोडू नका. मालकाच्या कसुरीमुळे कामगाराचा लाभ बुडत असेल, तर महामंडळाने तो द्यावा आणि मालकाकडून वसूल करावा, अशी तरतूद कायद्यात आहे. त्यासाठी पगाराच्या पावत्या हव्यात, कपात दाखवणाऱ्या. पावती देत नसतील तर बँकेचे पासबुक, हजेरी कार्ड, गेट पास, जे हाती असेल ते जपून ठेवा. मी हिशेब खात्यातली आहे, म्हणून सांगते: कामावरून निघालेल्या माणसाला त्याची जुनी पावती काढून द्यायला ऑफिसात कोणाला वेळ नसतो.

धाकट्या योजनेचे पैसे भावाला अखेर मिळाले. मग आम्ही थोरल्या योजनेकडे वळलो. शाखा कार्यालयातल्या माणसाने पडद्याकडे पाहिले आणि म्हणाला, "यांनी नोकरी सोडलीय." तोंडी नकार. इथेच बहुतेक जण घरी परततात. परतू नका. अर्ज लेखी द्या, दुसऱ्या प्रतीवर शिक्का आणि तारीख घ्या आणि नकार असेल तर तो कारणासह लेखी मागा. लेखी कारण नसेल, तर पुढे दाद कशाविरुद्ध मागणार? उत्तरच येत नसेल, तर २००५ च्या माहिती अधिकार कायद्याखाली दहा रुपयांचा अर्ज करून विचारता येते की माझा दावा कोणाच्या टेबलावर आहे आणि काय शेरा आहे. त्यांना ३० दिवसांत उत्तर द्यावे लागते. महामंडळाचा निःशुल्क दूरध्वनी १८००-११-२५२६ आहे. शाखेनंतर प्रादेशिक किंवा उपप्रादेशिक कार्यालयात तक्रार करता येते. तिथेही समाधान झाले नाही, तर कर्मचारी विमा न्यायालय आहे. तिथे तीन वर्षांच्या आत जावे लागते. वकीलच हवा असे नाही, नोंदणीकृत कामगार संघटनेचा पदाधिकारी तुमच्या वतीने उभा राहू शकतो. वकील हवा असेल, तर विधी सेवा प्राधिकरणाच्या १९८७ च्या कायद्यानुसार औद्योगिक कामगाराला आणि कोणत्याही स्त्रीला तो मोफत मिळतो. तालुक्याच्या न्यायालयात विधी सेवा समिती असते, तिथे साधा अर्ज द्यायचा.

पण विमा महामंडळ मूळ प्रश्न सोडवू शकत नाही. तो राजीनामा होता की कपात, हा वाद कामगार आयुक्तांच्या कार्यालयातला. समेट अधिकाऱ्याकडे अर्ज करायचा. ४५ दिवसांत तोडगा निघाला नाही, तर कामगार स्वतः न्यायाधिकरणापुढे जाऊ शकतो. पूर्वी यासाठी तीन वर्षे होती, नव्या संहितेत दोन आहेत.

त्या सहा जणांपैकी दोघांनी त्याच आठवड्यात मालकाला रजिस्टर पोस्टाने पत्र पाठवले होते: सही हिशेब अडवण्याची धमकी देऊन घेतली, आम्ही कामावर यायला तयार आहोत. प्रत कामगार आयुक्तांना. समेटाच्या बैठकीत अधिकाऱ्याने सहाही राजीनामे मागवले. एकच तारीख, एकच मजकूर, एकच टाइप. एकाच दुपारी सहा माणसांना सारखीच 'वैयक्तिक कारणे' कशी निघाली, असे त्याने विचारले तेव्हा कंपनीच्या माणसाकडे उत्तर नव्हते. त्या दोघांची नोंद बदलली, कपातीची भरपाई मिळाली आणि पुढे भत्ताही. माझा भाऊ पाच महिने गप्प होता. "एवढे दिवस का बोलला नाहीत?" या प्रश्नाला त्याच्याकडेही उत्तर नव्हते. त्याला कपातीचे काही मिळाले नाही. मी बहीण असून, आणि हेच काम करत असून, त्या पाच महिन्यांत मलाही सुचले नाही. मी नुसती नावे दुरुस्त करत बसले होते.

म्हणून पत्र समोर आले तर सरळ सांगा, "घरी विचारून उद्या देतो." कोणताही कायदा त्याच क्षणी सही करायला सांगत नाही. सही करावीच लागली, तर दोन-चार दिवसांत स्पीड पोस्टाने हरकत पाठवा आणि पावती जपून ठेवा.

काही जण म्हणतात, असा भत्ता मागणे म्हणजे फुकटचे खाणे. आपल्या काही म्हाताऱ्यांनाही तसे वाटते, आणि त्यांच्या कष्टांकडे पाहून मी गप्प बसते. पण पोप दुसरे जॉन पॉल यांनी १९८१ साली मानवी श्रमावर लिहिलेल्या परिपत्रात बेकार कामगाराला आणि त्याच्या कुटुंबाला जगण्यापुरते साहाय्य देणे हे नैतिक कर्तव्य म्हटले आहे, दानधर्म नव्हे. आणि इथे तर वर्गणी आपणच भरलेली.

आखाती देशांत असलेल्या आपल्या भावंडांसाठी दोन ओळी. संयुक्त अरब अमिरातीत १ जानेवारी २०२३ पासून नोकरदारांना बेकारीचा विमा सक्तीचा झाला. सलग १२ महिने हप्ता भरलेला असेल, तर मूळ पगाराच्या ६० टक्के रक्कम तीन महिन्यांपर्यंत मिळते. पण दावा नोकरी गेल्यापासून ३० दिवसांत करावा लागतो, आणि तिथेही राजीनामा दिला तर काहीच मिळत नाही. फोनवर बोलाल तेव्हा घरच्यांनी एवढे नक्की सांगावे.

भविष्यनिर्वाह निधीबद्दल एकच सांगते. तो काढण्याची घाई करू नका, निदान पेन्शनचा भाग तरी ठेवा. दहा वर्षे पूर्ण झाली नसतील, तर पैसे काढण्याऐवजी योजना प्रमाणपत्र घेता येते आणि पुढच्या नोकरीची वर्षे त्यात जोडली जातात. सात वर्षांवर पैसे काढून पुन्हा शून्यापासून सुरुवात केलेली माणसे मी पाहिली आहेत.

आवारात भेटलेल्या त्या भावाच्या सहीला तेव्हा नऊ दिवस झाले होते. आम्ही त्याच संध्याकाळी हरकतीचे पत्र लिहिले. समेटाची पहिली तारीख पुढच्या महिन्यात आहे.

रविवारी दुसऱ्या मिस्सेनंतर मी चर्च कार्यालयाच्या ओट्यावर तासभर बसते. येताना आधार, पासबुक, पगाराच्या पावत्या आणि कंपनीने दिलेला प्रत्येक कागद आणा. झेरॉक्स नको, मूळ कागद. आणि सही अजून केली नसेल तर रविवारची वाट पाहू नका, आदल्या रात्री घरी आलात तरी चालेल.